शून्य माणसांची पाणंद

आमच्या काकीला एक म्हैस आहे आणि त्या म्हशीची वैरण बायपासच्या पलीकडं आहे. सगळं प्रकरण एवढंच. यापेक्षा जास्त मला सरकारला काही सांगायचं नव्हतं. पण एवढंसुद्धा सांगायला किती पत्रकं, किती हेलपाटे आणि किती भांडणं लागली, ते लिहून ठेवायलाच पाहिजे. नाहीतर उद्या कोणीतरी त्या रस्त्यावरून नव्वदच्या स्पीडनं गाडी पळवत जाईल आणि म्हणेल, काय झक्क रस्ता केलाय बघा.

रस्ता झक्कच आहे. मी नाही म्हणत नाही.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका बेळगावात फौंड्रीत कामाला. शिफ्ट असेल तसा जातो, येतो, झोपतो. आमचं गाव शहरापासून सिटी बसच्या टप्प्यात, त्यामुळं बहुतेक घरांत हीच तऱ्हा. गडी नोकरीला आणि शेत बाईच्या अंगावर. उताऱ्यावर नाव गड्याचं, पण पहाटे शेण काढण्यापासून कातरवेळी धार काढण्यापर्यंतचं सगळं बाईचं. काकीचा मळा गावाच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात भात, मग मसूर, वाटाणा, बांधाला वैरण. तिथं जायला एक पाणंद. दोन बाजूंना निवडुंग आणि करवंदीच्या जाळ्या, मधून बैलगाडी जाईल एवढी मातीची वाट. काकी रोज रिकाम्या हातानं त्या वाटेनं जायची आणि डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन यायची. समोरून पाहिलं तर भारा चालत येतोय असं वाटायचं, खाली फक्त दोन पाय.

मग बायपास आला. आधी पिवळे खुंट आले, मग नोटीस, मग जेसीबी. जमीन गेली ती गेली, त्याचं भांडण वेगळं आणि ते अजून कोर्टात आहे. इथं मी पाणंदीचंच सांगते. आमच्याकडची भाताची जमीन सखल, म्हणून रस्ता मातीच्या भरावावरून न्यायचा ठरला. भराव म्हणजे घराएवढी उंच मातीची भिंत, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत. गाव एका बाजूला, शिवार दुसऱ्या बाजूला.

त्याच सुमाराला मी शहराच्या पुढच्या आराखड्याचा नकाशा पाहिला. मी बेळगावातल्या शहापुरात एका छापखान्यात डीटीपी करते. तिथं येणाऱ्या मोर्च्यांच्या, सभांच्या पत्रकांवरच माझी भाषा वाढली, त्यामुळं मला हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगते. नकाशात शेती हिरवी आणि वस्ती पिवळी असते. आमचं शिवार पिवळं होतं. काकीचा मसूर जिथं उभा होता तिथं कागदावर लोक राहायलासुद्धा आले होते. त्यांच्यासाठी रस्ते होते, बाग होती, पार्किंगला जागा होती. फक्त काकी कुठून जाणार ते कुठं नव्हतं. शहर वाढू नये असं माझं म्हणणं नाही. पण जे उद्या येणार आहेत त्यांची सोय आज आणि जे आज आहेत त्यांची सोय कधीच नाही, हे कुठलं नियोजन?

रस्त्याच्या ऑफिसातले लोक एकदा गावात आले आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून त्यांनी सांगितलं, "जिथं वर्दळ आहे तिथं भरावाखालून वाट देऊ. वर्दळ किती ते मोजून ठरवू. नसेल तिथं लोकांनी हायवेच्या पुलाकडून फिरून यायचं."

पुलाकडून फिरून यायचं म्हणजे डोक्यावर भारा घेऊन सिटी बसचे चार स्टॉप चालायचं, तेही टिपर आणि ट्रकांच्या अंगाअंगानं. काका त्या रात्री जेवताना म्हणाला, "विकून टाकू. प्लॉटवाले रोज फोन करालेत. म्हैस पण विकू. तुझं पण हाल थांबतील."

"माझं हाल हैत म्हणून कोण सांगितलं तुम्हाला?" काकी म्हणाली. "आणि मळा विकून मी काय करू? दारात बसून सिटी बसा मोजू?"

काकानं आमटी वाढून घेतली. तो काही वाईट माणूस नाही. भट्टीसमोर उभं राहून आलेल्या माणसाला दुसऱ्याचे कष्ट दिसले की ते थांबवावेसे वाटतात, एवढंच. पण मळ्यावर काकी कोणाची सून नसते, कोणाची बायको नसते. तिथं तिच्या मनासारखं पीक असतं, तिच्या मनासारखा बांध असतो, आणि दुधाचे पैसे तिच्या हातात येतात. ती वाट बंद झाली तर काकी घरात बंद होणार होती. हे मला कळत होतं. मोजणाऱ्यांना कळवायचं होतं.

आता मोजणी कशी झाली ते सांगते.

आषाढात आमच्या गावात मंगळवारचे वार पाळतात. वार म्हणजे गावदेवीचा दिवस. त्या दिवशी कोणी शेतात पाय घालायचा नाही, अवजाराला हात लावायचा नाही, बैल जुंपायचे नाहीत, गिरण बंद. म्हशीची वैरण आदल्या दिवशीच आणून ठेवायची. बायका सकाळी घर सारवून नैवेद्य घेऊन देवळात जातात, गाऱ्हाणं घालतात, आणि मग सगळं गाव दारादारांत बसून राहतं. नोकरदारांसाठी देवीनं सवलत ठेवली आहे. उजाडायच्या आत शीव ओलांडायची आणि दिवेलागणीनंतर परत यायचं. ही सवलत कधीपासूनची कोणाला माहीत नाही, पण फौंड्रीची पहिली शिफ्ट सुरू झाली तेव्हापासूनची असावी. बाकी आमचे लोक वार कडक पाळतात आणि त्याचा त्यांना लई अभिमान आहे. शेजारच्या गावात म्हणे वाराच्या दिवशी एकजण गुपचूप मोटर चालू करून आला. आमच्याकडं तसलं काही नाही.

अशाच एका वाराला मोजणीवाले आले. दोन माणसं, एक मोठी छत्री, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. पाणंदीच्या तोंडाशी बसली. मी त्या दिवशी त्या सवलतीप्रमाणं पहाटेच शहापूरला गेले होते. दिवेलागणीनंतर आले तर देवळापुढच्या कट्ट्यावर अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे आमच्या देवस्थान पंच कमिटीचे मुख्य. वय झालेलं, टोपी कायम डोक्यावर, गावात सगळ्यात आधी ट्रॅक्टर घेतलेला माणूस. ते भलतेच खुशीत होते.

"ये गं, ये. आज तू पायजे हुतीस. सरकारी माणसं आलती. सकाळपासनं सांच्यापातूर बसलीती. एक माणूस न्हाय, एक बैल न्हाय, एक कुत्रं न्हाय फिरकलं त्या वाटंला! ती पोरं म्हणाली, असा वार आम्ही कुठं बघिटला न्हाई."

"जेवली काय ती?"

"म्हणजे काय! घराघरातनं पुरणाचं कडबू गेलं. तूप घालून. मीच सांगितलं त्यास्नी, निवांत बसा, आज हितनं चिटपाखरू जायचं न्हाय."

"अण्णा," मी म्हटलं, "पण ती करत काय होती?"

"मोजालती."

"काय मोजालती?"

"जाणारं-येणारं," अण्णा म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. त्यांनी टोपी मागं सरकवली, डोकं खाजवलं, परत पुढं ओढली. कट्ट्यावर आणखी चार माणसं होती. ती देवळाकडं बघायला लागली. मी मात्र बोलले. काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही, आणि अण्णांच्या वयाच्या माणसाशी बोलण्यासारखंही नव्हतं. पण सरकारनं मोजमाप करायला पाठवलेल्या माणसांना आख्ख्या गावानं तूप-कडबू घालून, आमच्याकडं कोणी येत-जात नाही असं छातीठोक सांगितलं, यावर माणसानं शांत कसं राहायचं?

घरी गेले तर काकी चुलीपुढं होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मी पण दोन कडबू दिलतो." आमच्याकडं बायका असंच बोलतात, दिलतो, गेलतो. मग तिनं चुलीत एक लाकूड पुढं सारलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी रस्त्याच्या ऑफिसात गेलो. काकी नवी साडी नेसली होती आणि बसमध्ये खिडकीशी बसून सगळ्या रस्ताभर बाहेरची शेतं बघत होती. ऑफिसात एक तरुण इंजिनियर भेटला, माझ्याच वयाचा, विजापूरकडचा. मराठी कळत होतं, बोलताना अधूनमधून कन्नडात जात होता. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगितलं, "त्या पॉइंटला कौंट झाला री. झीरो."

"त्या दिवशी वार होता," मी म्हटलं.

"हॉलिडे?"

"देवीचा वार. शेतात जात नाहीत."

"सरकारी सुट्टी न्हाई ना पण."

मग मी सुरू झाले. शेतकऱ्याच्या छातीवर उभा केलेला भराव, विकासाच्या नावाखाली चाललेली गावांची फाळणी, पुलाकडून फिरायला सांगणारी निर्दय यंत्रणा. सगळं तयारच होतं माझ्याकडं. तो ऐकत होता आणि मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-घालत होता. शेवटी म्हणाला, "आगल्ला री. नाही होणार. परत कौंट करायला वरून परवानगी लागते."

तेव्हा काकीनं तोंड उघडलं. तिचं माहेर हुक्केरीकडचं, त्यामुळं तिचं कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी सरस. ती त्याला कन्नडात म्हणाली, "तुझ्या आईकडं म्हैस आहे काय रे बाळा?"

तो दचकला. "दोन आहेत."

"आणि वैरण?"

"शेतातून आणते."

"अमावास्येला?"

तो हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण हसला. त्यांच्याकडं अमावास्येला बैल जुंपत नाहीत, हे काकीला माहेरामुळं ठाऊक होतं. "अम्मा," तो म्हणाला, "पण तुम्ही आमच्या माणसांना त्या दिवशी सांगायचं तरी, आज असं असं आहे म्हणून."

"सांगितलं की. जेवायला वाढून सांगितलं."

तो परत हसला आणि मग त्यानं साहेबांना फोन लावला. परवानगी मिळाली. आम्ही उठताना तो मला मराठीत, अगदी हळू म्हणाला, "एक साधा दिवस बघून पाठवतो. तुम्ही लोकांनी फक्त रोजचं काम करायचं. दुसरं काही करू नका."

आता हे वाक्य गावात कसं पोचलं याची जबाबदारी माझी आहे हे मला मान्य, पण गाव कसं आहे याची जबाबदारी माझी नाही. मी पत्रक काढलं. मथळा: पाणंद आपल्या हक्काची! खाली: मोजणीच्या दिवशी प्रत्येक घर पाणंदीवर दिसलं पाहिजे. अण्णांनी तर ते पत्रक मनावरच घेतलं. पहिली चूक त्यांच्या जिव्हारी लागली होती. त्यांनी गावाला देवळापुढं बोलावून सांगितलं, "परवा आपण वाट मोकळी सोडली, म्हणून वाट गेली. आता अशी भरायची की मोजणाऱ्यानं बोटं मोडून घ्यावीत."

आणि भरली. देवा! मी त्या दिवशी रजा काढली होती, आणि मला वाटलं आमच्या गावात यात्रा आहे. दिवस उगवला तसे ट्रॅक्टर निघाले, मागं ट्रॉल्या, ट्रॉल्यांत जोडीनं बसलेली म्हातारी माणसं. बैलगाड्या निघाल्या, ज्यांची चाकं कित्येक वर्षं गोठ्यामागं पडून होती त्यासुद्धा. मोटरसायकली, स्कूटी, एका माणसानं तर मुंबईहून आलेल्या पाहुण्याची कार घातली आणि ती चिखलात रुतली. पाणंदीनं शिवारात जायचं, ओढ्याच्या कडेनं वळसा घालून गावात यायचं, आणि परत पाणंदीनं जायचं. नुसतं गोल. अण्णा ट्रॅक्टरवर बसून पुढं. मोजणीवाले तेच दोघं होते. थोड्या वेळानं त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "आक्का, ही म्हैस मगाशी पण आली. हिचं एक शिंग खाली वळलंय, मी बघून ठेवलंय."

ती आमचीच म्हैस होती. अण्णांच्या माणसांनी काकीला न विचारता गोठ्यातून सोडून आणली होती.

आणि काकी? ती इंजिनियरनं सांगितलं तसं रोजचं काम करत होती. पहाटेच मळ्याला गेली होती, वैरण कापली होती, आणि आता डोक्यावर भारा घेऊन परत येत होती. पाणंदीत ती शिरली आणि अडकली. पुढं ट्रॅक्टर, मागं बैलगाडी, बाजूला रुतलेली कार. वाट मिळेना. भारा खाली ठेवता येईना, कारण खाली ठेवला की परत डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं आणि सगळी माणसं तर वाहनांवर. ती तशीच उभी राहिली. दोन्ही हात वर, मान ताठ, तोंडावर गवताची पाती लोंबत होती.

"जरा थांब गं बाई, मोजणी चाललीया!" अण्णा ट्रॅक्टरवरनं ओरडले.

"अण्णा!" काकीचा आवाज भाऱ्याखालून आला. "माझी म्हैस कुणी सोडली?"

"गावासाठी सोडलीया!"

"गावानं मग धार पण काढा तिची! सकाळपासनं चालवून चालवून आटवलीसा! परवा वाट मोकळी ठिवून घालवलासा, आज भरून घालवालाईसा. मी जाऊ कुठनं, सांगा की! मी जाऊ कुठनं?"

ट्रॅक्टरची इंजिनं बंद होत गेली, एकामागून एक. इंजिनियर आलाच होता. पाणंदीच्या तोंडाशी उभा राहून तो सगळं बघत होता. रागावला असेल असं मला वाटलं, कारण आम्ही त्याचा शब्द पाळला नव्हता. अण्णा ट्रॅक्टरवरनं खाली उतरले. सावकाश, गुडघा धरून. इंजिनियरसमोर गेले आणि टोपी काढून हातात घेतली.

"सायब," ते म्हणाले, "ह्यातलं निम्मं खोटं हाय. मी करायला लावलं. ती बाई तेवढी खरी हाय."

या माणसानं आयुष्यात कोणापुढं टोपी काढलेली मी पाहिली नव्हती, देवी सोडून. मला त्यांच्यावर फार राग होता आणि तो तिथल्या तिथं कुठं गेला ते कळलं नाही. लोकांनी कार ढकलून बाजूला केली. काकीला वाट झाली. ती इंजिनियरच्या शेजारनं पुढं गेली, त्याच्याकडं न बघता, कारण भारा असताना मान वळवता येत नाही. तो तिच्या मागोमाग गोठ्यापर्यंत चालत गेला. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी म्हैस आणायला गेले होते.

मोजणी रद्द झाली. होणारच होती. तिसऱ्यांदा मोजत नाहीत, असं वरून सांगितलं गेलं. आता इथं माझ्यासारखा माणूस विचारणारच की मोजणी एवढी पवित्र कशी? एका दिवशी शून्य आणि दुसऱ्या दिवशी यात्रा, म्हणजे मोजूनसुद्धा काही कळलं नाही, एवढं तर कळलं ना? गावात येऊन एका बाईबरोबर एक सकाळ चालायला कोणाची परवानगी लागते? मी हे सगळं पत्रकात लिहिलं आणि छापखान्याच्या मालकानं कागदाचे पैसे घेतले नाहीत, तो भाग वेगळा.

पावसाळा सरल्यावर इंजिनियर परत आला, एकटाच, मोटरसायकलवरनं. देवळात बैठक बसली. त्यानं सांगितलं, भरावाखालून मोठी वाट, जिच्यातून ट्रॅक्टर जाईल, ती मंजूर होत नाही. पण ओढ्याचं पाणी जायला तिथं जवळच नकाशात एक मोरी आहे. ती जरा सरकवून पाणंदीच्या रेषेत आणता येते, आणि थोडी रुंद करता येते. पाण्याला एका कडेनं गटार, बाकी फरशी. माणूस जाईल, म्हैस जाईल. उंची मात्र फार मिळणार नाही, कारण भरावाची उंची ठरलेली आणि त्यातच स्लॅब आणि वरची माती बसवायची. हे त्याच्या साहेबांच्या हातात आहे आणि साहेब तयार आहेत. गावानं लेखी होकार द्यायचा.

मी उभी राहिले. माझ्या पिशवीत नवं पत्रक होतंच, मथळा: मोरी नको, मार्ग हवा! मी सांगितलं की मोरी घेतली की मोठ्या वाटेची मागणी मेली. सरकार म्हणेल, दिली की तुम्हाला वाट. गटारातून जायला आम्ही काय उंदीर आहोत? घ्यायचं तर पूर्ण, नाहीतर काही नको. ट्रॅक्टरवाले खूश झाले. टाळ्यासुद्धा पडल्या.

बायका मागं खांबाजवळ बसल्या होत्या. तिथून काकी म्हणाली, "काही नको म्हणजे? कुणाला नको?"

"काकी, हे तत्त्वाचं आहे."

"असंल. पण भराव उन्हाळ्यात पुरा होणार. तोपातूर तुझी मोठी वाट येती काय?"

"लढलो तर येईल."

"कवा?"

काकी उभी राहिली. देवळात बायका सहसा उभं राहून बोलत नाहीत, त्यामुळं सगळे तिच्याकडं बघायला लागले. "तुम्ही लढा. मी पण येतो मोर्चाला, भाकरी बांधून. पण म्हैस लढत न्हाय. ती सांजचं वैरण मागती. मला रोज जायला पायजे आणि रोज यायला पायजे. वाकून जावं लागंल तर वाकून जाईन. पुलाकडनं फिरायला लागलं तर मळा ऱ्हात न्हाय, आणि एकदा विकला की मग तुझ्या मोठ्या वाटंनं कोण जाणार हाय गं? प्लॉटवाले?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकजण अण्णांना म्हणाला, "आणि आमचं ट्रॅक्टर?" सगळ्यात जास्त नुकसान अण्णांचंच होतं. त्यांची सगळी जमीन पलीकडं, आणि नांगरटीची भाडी पण तिकडचीच. अण्णांनी खांबाजवळच्या काकीकडं बघितलं. मग म्हणाले, "ट्रॅक्टर पुलावरनं जाईल. डिझेल लागंल, तेवढंच. हिला कुठलं डिझेल घालणार हाईस?"

त्यावर बैठक मोडली. होकार दिला. मी हट्टानं त्यात एक ओळ घालायला लावली, मराठीत आणि कन्नडातही, की ट्रॅक्टर जाईल अशा वाटेची मागणी गावानं सोडलेली नाही. इंजिनियरनं ती वाचली आणि तशीच ठेवली. माझं मत आजही तेच आहे. मोरी म्हणजे न्याय नाही. ज्या रस्त्यासाठी गावाची जमीन गेली त्या रस्त्याखालून गावाला ताठ मानेनं जाता आलं पाहिजे, आणि हे मी कुणाही समोर बोलेन. पण त्या दिवशी देवळात काकीला दोन हंगाम थांब म्हणून सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि तसं सांगायला नको होतं असंच मला वाटतं.

मोरी झाली. आत गार असते, आणि बोललं की आवाज घुमतो. वरून ट्रक गेला की छातीत धडधडल्यासारखं होतं. म्हैस पहिले काही दिवस आत शिरायला तयार नव्हती. आता तीच पुढं चालते. कडेच्या गटाराला उन्हाळ्यात पाणी नसतं, पावसाळ्यात मात्र फरशीवर येतं, आणि बायका चपला हातात घेऊन जातात. अण्णा ट्रॅक्टर पुलावरून फिरवून नेतात आणि वरच्या रस्त्यानं जाताना मोरीपाशी हॉर्न वाजवतात. का ते त्यांनाच माहीत. प्लॉटवाल्यांचे फोन काकाला अजून येतात. काका आता "ती न्हाय म्हणती" एवढंच सांगून ठेवून देतो.

परवा सुट्टी होती म्हणून मी काकीबरोबर मळ्यावर गेले. येताना तिच्या डोक्यावर भारा. मोरीपाशी आलो आणि ती थांबली. उंची पुरत नाही. रिकामा माणूस ताठ जातो, पण भाऱ्यासकट नाही. तिनं भारा खाली टाकला, त्याला दोरी लावली आणि ओढत आत नेऊ लागली. फरशीवर गवत घासल्याचा आवाज घुमत होता. मला हे माहीत नव्हतं. ती रोज असंच करत होती आणि घरी कधी बोलली नव्हती.

"हे काय गं काकी?" मी म्हटलं. "हे रोजचं? मी उद्याच ऑफिसला जाते. अजून थोडी खोल खणली असती तर काय बिघडलं असतं यांचं? माणसाची उंची धरली, पण बाईच्या डोक्यावर ओझं असतं हे एकालाही सुचलं नाही? याचे फोटो काढून मी..."

काकी पलीकडच्या तोंडाशी पोचली होती. तिनं दोरी सोडली, पदर खोचला, डोक्यावर चुंबळ बसवली आणि वाकून भाऱ्याला एका बाजूनं हात घातला.

"जा की उद्या ऑफिसला. मी पण येतो," ती म्हणाली. "आता हिकडनं धर. न्हाईतर कोणतरी बाई येऊस्तवर हितंच बसायला लागतंय."

मी धरलं. भारा तिच्या डोक्यावर गेला. ती गावाकडं चालू लागली, आणि मी मागनं.